मोह टळत नाही, मग आनंद कसला?

भस्म बुधवारी भाविकांना राख लावली जाते आणि कॅथलिकांचा उपवासकाळ सुरू होतो. वसईपासून रोमपर्यंत चर्चमध्ये दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती होते. अनेक घरांतून या दिवसांत मांसाहार व मद्य वर्ज्य असते. बाहेरून पाहणाऱ्याला हा काळ केवळ त्यागाचा, काहीसा उदासही वाटतो. मात्र ज्या बायबलच्या आधारे तो पाळला जातो, त्यातील याकोबाच्या पत्राच्या आरंभीच एक बुचकळ्यात टाकणारा उपदेश आहे. परीक्षेचे प्रसंग ओढवले तर ते आनंदाचे मानावेत, असे याकोब सांगतो. दारूच्या वा जुगाराच्या ओढीशी रोज झुंजणाऱ्याला हे सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय?

उत्तरासाठी आधी शब्दाकडे पाहावे लागते. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत ‘पैरास्मोस’ हा एकच शब्द कसोटी आणि प्रलोभन या दोन्ही अर्थांनी येतो. मराठी बायबलमध्ये त्यासाठी कोठे ‘परीक्षा’, तर कोठे ‘मोह’ असे शब्द आहेत. या दुहेरी अर्थामुळेच येशूने शिकविलेल्या प्रार्थनेतील एका ओळीवरून २०१७ मध्ये बरीच चर्चा झाली. देवच माणसाला मोहात लोटतो, असा समज प्रचलित भाषांतरातून होतो, असे तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत सांगितले. फ्रान्समधील चर्चने त्याच वर्षी, तर इटलीतील चर्चने २०२० मध्ये त्या ओळीची रचना बदलली.

याकोबाचेही म्हणणे तेच आहे. देव कोणाला मोहात घालीत नाही. माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो आणि तिला थारा दिल्यावर पाप जन्मते. म्हणजे ओढ वाटणे आणि पाप करणे यांत अंतर आहे. हा मुद्दा धर्मपंडितांपुरता नाही. मनात विचार आला, म्हणजे आपण बिघडलोच, असे मानणारा माणूस तो विचार लपवू लागतो, हळूहळू एकटा पडतो आणि मग, आता राखायचे तरी काय उरले, म्हणून मोकळा होतो.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये वाचला जाणारा प्रसंगही हेच अंतर दाखवितो. 40 दिवसांच्या उपवासानंतर येशूला भूक लागते, तेव्हा सैतान त्याला दगडाच्या भाकरी करण्यास सुचवितो. भूक खोटी नव्हती आणि भाकर वाईट नव्हती. मोह बहुधा असाच, रास्त गरजेचा हात धरून येतो. येशू तिन्ही वेळा अनुवाद या ग्रंथातील वचनांनी उत्तर देतो. स्वतःचे सामर्थ्य तो वापरीत नाही. लूकच्या म्हणण्यानुसार, तेथून तो आत्म्याच्या सामर्थ्याने गालीलात परततो. सैतान मात्र संधी मिळेपर्यंतच दूर होतो, हे सांगायलाही लूक विसरत नाही.

आता प्रश्न आनंदाचा. तो सर्वांत बारकाईने तपासला तो एका जखमी सैनिकाने. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला घरी अंथरुणावर पडून होता. वीरकथा मागितल्या, तर हाती आली ती ख्रिस्ताची व संतांची चरित्रे. पराक्रमाची आणि एका उच्चकुलीन स्त्रीची मर्जी संपादन करण्याची स्वप्ने त्याला तासन्‌तास रमवीत; ती ओसरली, की मन कोरडे पडे. संतांच्या मार्गाचा विचार केल्यावर मात्र नंतरही प्रसन्नता टिकून राही. सुख कोणत्या विचारात आहे, यापेक्षा तो विचार गेल्यावर मागे काय उरते, ही त्याची कसोटी ठरली. तीतूनच पुढे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक घडले. त्याला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स हे इग्नेशियसच्याच जेज्वीट संघाचे. मोहाला गुप्तता प्रिय असते, तो विश्वासू माणसापुढे उघड केला की त्याचा जोर सरतो, असेही इग्नेशियसने त्या पुस्तकात बजावले आहे.

याचा प्रत्यय सुमारे चार शतकांनंतर अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात आला. मे 1935. शेअर बाजाराशी संबंधित काम करणारा बिल विल्सन पाच महिने दारूपासून दूर होता. व्यवहार फसला होता, खिशात फारसे पैसे नव्हते. हॉटेलच्या दिवाणखान्याच्या एका बाजूला बार होता, तेथील हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूला शहरातील चर्चची यादी लावलेली होती. त्याने यादीतील एका धर्मगुरूला दूरध्वनी केला. कोणा मद्यपीशी आपल्याला बोलायचे आहे, एवढेच त्याचे मागणे होते. त्यातून डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली. पंधरा मिनिटांत आटोपते घेण्याच्या बेताने आलेले डॉक्टर काही तास बोलत बसले. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा उगम या भेटीत आहे. ही संघटना कोणत्याही धर्माची नाही. पण दोघेही तेव्हा ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीच्या सहवासात होते. प्रत्येक मोहाबरोबर देव बाहेर पडण्याची वाटही ठेवतो, असे पौलाने करिंथकरांना लिहिले होते. विल्सनला ती वाट दूरध्वनीच्या रूपाने सापडली.

पहिल्या भेटीतच सारे सुटले, असे मात्र झाले नाही. डॉक्टर काही आठवड्यांत पुन्हा प्याले. संघटनेचा स्थापनादिन मानतात तो 10 जून, त्यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस. केवळ प्रार्थना करा, बाकी काही नको, असे सांगणाऱ्या उपदेशकांनी हा तपशील लक्षात ठेवायला हरकत नाही.

उपवासकाळ सरल्यावर, ईस्टरच्या आदल्या रात्री, भाविक हाती पेटत्या मेणबत्त्या घेऊन उभे राहतात. तुम्ही सैतानाचा त्याग करता काय, असे धर्मगुरू विचारतात आणि सारे मिळून मोठ्याने होकार देतात. पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो.