खळ्यातली गाडी

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा पायरी चढण्याआधी एकच प्रश्न विचारतो, "हो ट्रक हंय कित्याक?"

मालवण तालुक्यात आचऱ्याच्या बाजूला आमचे घर आहे. पुढे शेणाने सारवलेले खळे, खळ्यात तुळस आणि तिच्यापलीकडे आंब्याखाली लांब नाकाचा एक जुना ट्रक. बाबांनी तो २००३ साली तिथे उभा केला, तो केलाच. पुढे घराने त्याला आपल्या कामाला लावून घेतले. हौद्यात ताडपत्रीखाली पेंढा राहू लागला. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या. मे महिन्यात बॉनेटच्या तापलेल्या पत्र्यावर आई सोलां वाळत घालू लागली. कोठार, खुराडे आणि वाळवणाची जागा अशा तीन नोकऱ्या त्याने अठरा वर्षे बिनतक्रार केल्या.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. गावात किती कौले उडाली आणि किती माड पडले याची गणती करण्यात पुढचे आठ दिवस गेले. आमच्या आंब्याची एक जाड फांदी थेट केबिनच्या टपावर आली. नवव्या दिवशी भंगारवाला दारात हजर झाला. किलोवर घेतो म्हणाला.

धाकटा भाऊ घर आणि बाग सांभाळतो. त्याला जागा मोकळी हवी होती. बहीण फोनवर म्हणाली, "जाऊ दे एकदाचा. लहानपणी आम्ही बाबांपेक्षा त्यांच्या गाडीचा हॉर्नच जास्त ऐकला." मी मुंबईला नोकरीला. मला मत होते, पण दुरून मत देणाऱ्याची घरात काय किंमत असते ते चाकरमान्यांना सांगायला नको. बाबा काहीच बोलले नाहीत. कोयता घेऊन गेले आणि टपावरची फांदी तोडू लागले. भंगारवाला थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला.

चांदणीवाली गाडी

हा ट्रक १९६२ सालचा, टाटा-मर्सिडीज, ३१२ जातीचा. टाटांची टेल्को कंपनी १९४५ साली जमशेदपूरला सुरू झाली ती रेल्वेची इंजिने बनवण्यासाठी. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि ट्रक बनवायला घेतले. म्हणून त्या काळातल्या गाड्यांच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असे. १९६९ ला करार संपला आणि पुढे चांदणीच्या जागी टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. शहरात मर्सिडीज म्हटले की श्रीमंताची मोटार डोळ्यांपुढे येते. आमच्याकडे मर्सिडीज म्हणजे चिरे आणि मासळी वाहणारी गाडी!

बाबांनी ती १९७४ साली जुनीच विकत घेतली, आजीच्या पाटल्या मोडून. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा व्हायचा होता. तो रत्नागिरीतून वेगळा निघाला १ मे १९८१ ला. कोकण रेल्वे तर कोणाच्या स्वप्नात असली तर असेल. किनाऱ्यावरचा माल घाटावर आणि घाटावरचा माल किनाऱ्यावर आणायचा तो ट्रकने. मोसमात आंब्याच्या पेट्या मुंबईला, एरवी चिरे आणि सुकी मासळी. आचऱ्याहून कणकवली, मग फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी आणि कोल्हापूर. येताना गूळ, कांदे, बटाटे, कधी कोणाच्या लग्नाची भांडीकुंडी. घाट चढताना गाडी दमली की किन्नर खाली उडी मारायचा आणि लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाबरोबर चालायचा. गाडी थांबली की ठोकळा चाकाखाली. तो ठोकळा अजून केबिनमध्ये आहे. एका बाजूने झिजून तो पाटासारखा गुळगुळीत झाला आहे.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर लोकार्पण झाली. पुढच्याच वर्षी कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू झाली. भरलेले ट्रकच आगगाडीच्या सपाट डब्यांवर चढून प्रवास करू लागले. बाबांनी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा घरी येऊन म्हणाले, "आता गाडयेकच गाडी व्हया!" त्यानंतर चार-पाच वर्षांनी त्यांनी किल्ली खुंटीला लावली.

आधी थांबायला शिकणे

२०२२ च्या दिवाळीनंतर आम्ही कामाला हात घातला. आम्ही म्हणजे मी, बाबा, सुटीत आलेला माझा मुलगा आणि बाबांचा जुना किन्नर, जो आता स्वतःच मेस्त्री आहे आणि ज्याचे केस बाबांपेक्षा पांढरे आहेत. मला आणि मुलाला घाई होती ती इंजिन सुरू करण्याची. बाबांनी पहिल्याच दिवशी ती घाई मोडली. "आधी थांबाक येऊक व्हया, मगे चलाक." म्हणून सुरुवात ब्रेकपासून झाली. ड्रम उघडले, सिलिंडरमधली कडक झालेली रबरे काढली. जुन्या गाड्यांच्या ब्रेक-लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांत बसली की निघत नाही. म्हणून ती धूळ हवेने उडवायची नाही, झाडायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. पूर्वी सगळे तोंडाने फुंकर मारीत. मेस्त्री म्हणाला, तेव्हा कोण सांगणार होते?

दुसरी ताकीद चाकांची. या गाड्यांच्या चाकाला टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग असते. ती गंजलेली असेल आणि हवा भरताना निसटली, तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. सहाही चाके सोडवून टायरवाल्याकडे पाठवली. त्याने ती पिंजऱ्यात ठेवून भरली. घरी करायच्या कामांत घरी काय करायचे नाही, हेही ठरवावे लागते.

मग गंज. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लोखंड राखणे म्हणजे रोजची लढाई. खारा वारा पत्र्यावर मिठाचा न दिसणारा थर सोडतो, मीठ हवेतली ओल धरून ठेवते आणि लोखंड आतून खात सुटते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात शिरला की पत्रे फुगवून फाडतो. आम्ही शहाण्यासारखे पहिल्याच आठवड्यात पत्रा घासून रेड ऑक्साइड मारले. पंधरा दिवसांत रंगाखाली फोड आले. मीठ आतच राहिले होते. ते सगळे पुन्हा खरवडले. मग विहिरीच्या गोड्या पाण्याने तीन-तीनदा धुतले, उन्हात कडक वाळवले, मग घासले, पुन्हा धुतले आणि त्याच दिवशी अस्तराचा रंग दिला. तो मात्र टिकला.

सर्वात जास्त खाल्ला गेला होता तो बॉनेटचा पत्रा. बाकी गाडीपेक्षा तोच का? कोडे आईने सोडवले, पण कबुली म्हणून नव्हे. "माजी सोलां खंय सुकवू आता?" असे तिने विचारले आणि आमच्या डोक्यात प्रकाश पडला. सोलांना आगळाचे पूट देतात. आगळ म्हणजे आंबट रस आणि मीठ. अठरा उन्हाळे तो रस पत्र्यावर ठिबकत होता. आंबट आणि खारट एकत्र आल्यावर लोखंडाचे दुसरे काय होणार? आईला बांबूची नवी तट्टी आणून दिली. ती तिला पसंत नाही. ती पुरेशी तापत नाही म्हणे.

नट, बोल्ट, बिजागऱ्या, कड्या असल्या लहान वस्तूंसाठी मुलाने एक युक्ती केली. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या वस्तूला, धन तार टाकाऊ लोखंडी पट्टीला, आणि दोन्ही एकमेकींना न लागता पाण्यात. रात्रभरात गंज सुटून मऊ काळा चिखल होतो आणि ब्रशने निघतो. यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करायचे, जवळ विडी-काडी नको. पट्टी स्टेनलेस स्टीलची वापरायची नाही. तिच्यातल्या क्रोमियममुळे पाणी विषारी होते. मेस्त्री हे सारे पाहून म्हणाला, "आमी रॉकेलात बुडवून हप्तोभर वाट बगू." त्याचे रॉकेलही चुकीचे नव्हते.

इंजिन धरले होते. सहा सिलिंडर, सुमारे साडेचार लिटरचे. सहाही नोझल काढून आत डिझेल आणि मोबिल ऑइल ओतले आणि दहा दिवस त्याच्याकडे पाहिलेही नाही. अकराव्या दिवशी फ्लायव्हीलला पहार लावली. ते बोटभर सरकले. त्या बोटभर सरकण्याचा आनंद आमच्या घरात दहावीच्या निकालासारखा साजरा झाला. पुढचे काम मात्र घरचे नव्हते. लायनर, पिस्टन आणि रिंगांसाठी कोल्हापूरचे उद्यमनगर गाठावे लागले. ज्या रस्त्याने ही गाडी पोट भरायला जायची, त्याच रस्त्याने तिचे इंजिन दुसऱ्याच्या टेंपोतून गेले.

हौद्याच्या फळ्या बदलल्या त्या होड्या बांधणाऱ्या सुताराने. ऐनाच्या जाड फळ्या, तेल पाजलेल्या. त्याला ट्रक नवीन होता, पण पाणी कुठे साचते आणि लाकूड कुठून कुजते हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. खर्चाचा हिशेब विचारू नये. तेवढ्या पैशांत फिरती जुनी मोटार आली असती.

एक फळी

खरा वाद झाला तो रंगावरून. मुलाला गाडी शोरूममधून आल्यासारखी हवी होती. पॉलिश पेपरने घासताना निळ्याखाली नारिंगी निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा निळा. प्रत्येक रंग म्हणजे एखादा चांगला मोसम. पैसे हाती आले की बाबा गाडी रंगवीत. फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' होते. ही अक्षरे मालवाहू गाड्यांवर लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी झाली. मुलगा म्हणाला, सगळे साफ करू, लांबी भरू, आरशासारखा करू.

तो केबिनमध्ये घासायला शिरला आणि काचेवरच्या लाकडी फळीशी थांबला. फळीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले होते. तारखा, पेट्यांचे आकडे. 'फोंडा पंचर.' 'राधानगरी पाऊस, मुक्काम.' वहीत लिहायचे ते बाबांनी फळीवर लिहिले होते. चार खेपांच्या मध्ये १९७९ ची एक तारीख होती आणि पुढे एकच शब्द: 'मुलगी.'

ती तारीख आम्हां सगळ्यांना पाठ आहे. बहीण जन्मली तेव्हा बाबा कोल्हापुरात होते आणि निरोप ट्रान्सपोर्टच्या कचेरीतल्या फोनवर मिळाला, एवढे आम्ही ऐकून होतो. बाप जवळ नव्हता, हेही तिने अनेकदा ऐकवले होते. मे महिन्यात ती आली तेव्हा मी तिला केबिनमध्ये चढवले. ती बराच वेळ आत बसली. खाली उतरल्यावर भाच्याला म्हणाली, "या फळीला रंग लावशील तर बघ." एवढेच. पण भंगाराचा विषय तिने त्यानंतर काढलेला नाही.

मग ठरले. जिथे लोखंड मरते आहे तिथे उपचार करायचा. जिथे फक्त म्हातारपण दिसते आहे तिथे हात लावायचा नाही. बाहेरून साधा निळा रंग दिला. फाळक्यावरची अक्षरे राहू दिली. दोर घासून हौद्याच्या कडेला पडलेल्या खाचा राहू दिल्या. आतली फळी तशीच आहे. राबलेल्या वस्तूच्या अंगावर तिचे काम लिहिलेले असते. ते पुसून जी चमक येते, ती दुसऱ्याच कोणाची तरी असते.

नियमात न बसणारी

गाडी नीट झाली. पण ती जाणार कुठे? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत नवी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला वेगळा क्रमांक मिळतो. ती प्रदर्शनाला आणि रॅलीला नेता येते, रोजच्या वापरासाठी नाही. पण ही तरतूद दुचाकींसाठी आणि खासगी प्रवासी मोटारींसाठी आहे. मालवाहू ट्रक तिच्यात बसत नाही. संस्थानिकांच्या मोटारींचा वारसा नियमाला ओळखता येतो. चिरे, आंबे आणि मासळी वाहून ज्यांनी कोकणातली घरे उभी केली, त्या गाड्यांचा येत नाही. हरियाणात तावडूजवळ वाहतुकीच्या वारशाचे एक मोठे संग्रहालय आहे. आपल्या किनाऱ्यावर असे काही नाही. इथल्या बहुतेक गाड्या वजनावर गेल्या. जुन्या धुराड्यांनी रस्त्यावर यावे असे माझेही म्हणणे नाही. हवा सर्वांची आहे. पण प्रत्येक तालुक्यात एखादी गाडी एखाद्या खळ्यात उभी राहायला काय हरकत आहे?

गेल्या तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बाबा स्टिअरिंगवर बसले. या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कोठडीत पेटते, म्हणून थंड असताना हीटर तापू द्यावा लागतो. बाबांनी मनात आकडे मोजले आणि सेल मारला. दोनदा नुसती कण्हली. तिसऱ्यांदा धूर सोडून सुरू झाली. कोंबड्या ओरडत पांगल्या. आई कानांवर हात ठेवून पायरीवर उभी राहिली आणि हसत होती.

खळ्यातून निघून गाडी चिऱ्यांच्या गडग्याला लावलेल्या बेड्यापर्यंत गेली. पन्नास-साठ पावले असतील. पलीकडे डांबरी रस्ता, त्यावरून कणकवलीची एस.टी. जात होती. किन्नर सवयीने ठोकळा घेऊन मागच्या चाकाबरोबर चालत होता. बाबांनी ब्रेक दाबला. गाडी हवी तिथे, हवी तशी थांबली.

मुलगा म्हणाला, "आजोबा, अजून थोडी पुढे?"

बाबांनी इंजिन बंद केले आणि किल्ली काढली. "नाय. फुडलो रस्तो सरकारचो."

मग खाली उतरून त्यांनी चाकाखालचा ठोकळा नीट बसला आहे ना, ते वाकून पाहिले.