दांतांची बधिरता व मात्रेचा विवेक

दांत काढावयाचा म्हटला कीं घरांतील धीराच्या मनुष्याचेंही तोंड उतरतें. बधिर करणाऱ्या औषधांनीं या भीतीचें कारण पुष्कळसें नाहींसें केलें आहे. मात्र तें औषध किती द्यावें, याचें भान घरच्या वडील मंडळींसही असावयास हवें.

इ. स. १८८४ मध्यें व्हिएन्ना येथें कार्ल कोलर यांनीं कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करून दाखविला. त्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें विल्यम हॉल्स्टेड यांनीं खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ तें टोचलें. परंतु कोकेन व्यसन लावतें. खुद्द हॉल्स्टेडच त्यास बळी पडले. पुढें १९०५ मध्यें नोव्होकेन प्रचारांत आलें, आणि १९४३ मध्यें स्वीडनमधील लोफग्रेन व लुंडक्विस्ट यांनीं लिडोकेन तयार केलें. आपल्याकडे यासच लिग्नोकेन म्हणतात.

हें औषध मज्जातंतूंतून मेंदूकडे जाणारा वेदनेचा संदेश वाटेंतच अडवितें. सोबत बहुधा किंचित् ॲड्रिनॅलिन असतें. त्यानें रक्तवाहिन्या आकुंचित होतात व औषध रक्तांत सावकाश उतरतें. तें रक्तांत फार झाल्यास ओठांभोंवतीं मुंग्या येतात, कानांत नाद घुमतो, क्वचित् झटके येऊन श्वासही मंदावतो. म्हणूनच टोचतांना सुई रक्तवाहिनींत गेली नाहीं ना, हें दट्ट्या किंचित् मागें ओढून पाहतात.

दोन टक्क्यांच्या द्रवाच्या १.८ मिलिलिटर नळींत ३६ मिलिग्रॅम औषध असतें. मुलांकरितां सावध मर्यादा वजनाच्या दर किलोस ४.४ मिलिग्रॅम मानतात. म्हणजे १५ किलोच्या बालकास ६६ मिलिग्रॅम. पुऱ्या दोन नळ्याही नव्हेत! याच मापानें ६० किलोच्या मनुष्यास सात नळ्या चालतात. वडिलांस सहज सोसणारी मात्रा मुलास घातक ठरूं शकते, ती अशी.

यास्तव मुलाचें वजन करूनच दवाखान्यांत जावें व तें डॉक्टरांस सांगावें. हृदयाचा वा यकृताचा विकार, चालू असलेलीं औषधें, पूर्वीं झालेला त्रास, यांपैकीं कांहींही लपवूं नये. “सारे किडके दांत आजच उरकून टाका,” असा आग्रह तर मुळींच धरूं नये. प्रत्येक जास्त टोचणीबरोबर मात्रा वाढते. घरीं आल्यावर संवेदना परत येईपर्यंत मूल बधिर ओठ चावणार नाहीं, यावर नजर ठेवावी व त्यास कढत कांहीं देऊं नये. एवढी दक्षता घेतल्यास हें औषध खरोखरच उपकारक ठरतें.