खांद्याचा धक्का वाचतो, शेजाऱ्याचा कान जातो

देवळालीकडून तोफांचे आवाज येऊ लागले की माझ्या दवाखान्यात एखादे आजोबा हटकून विचारतात, ‘डॉक्टर, या धडधडीने आमचे कान तर जाणार नाहीत ना?’ मी त्यांना सांगतो, ‘नाही. काही किलोमीटरवरून येणारा तो आवाज खिडकीच्या काचा खडखडवील, झोपमोड करील, पण कानाला इजा करणार नाही.’ अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. धोका दूरच्या तोफेचा नसतो, हातभर अंतरावरच्या रायफलीचा असतो.

हे लिहिण्याचे कारण घडले ते एका विद्यार्थ्यामुळे. वय १९, एन.सी.सी.त चांगला नेमबाज, सैन्यात जाण्याची जिद्द. मित्रांबरोबर तो जिल्ह्याबाहेरच्या एका रेंजवर सरावाला गेला होता. आपली फेरी संपवून त्याने कानावरचे इअरमफ काढले आणि मित्राशी बोलू लागला. तेवढ्यात डाव्या हाताच्या शेजारच्या जागेवरून एकाने मोठ्या बोअरची रायफल झाडली. तिच्या नळीच्या तोंडाला ‘मझल ब्रेक’ बसवलेला होता. मुलाच्या शब्दांत सांगायचे तर ‘कोणीतरी कानफटात मारावी तसे झाले’. त्या क्षणापासून डाव्या कानात शिट्टी वाजू लागली. घरच्यांनी दोन दिवस लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडले. माझ्याकडे तो चौथ्या दिवशी आला.

ब्रेक म्हणजे काय?

बोफोर्स तोफेचे चित्र आठवून पाहा. नळीच्या अगदी टोकाशी एक जाडसर, भोके पाडलेला भाग दिसतो. तोच मझल ब्रेक. २०१८ साली देवळालीत लष्कराच्या ताब्यात देण्यात आलेल्या के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफांच्या तोंडालाही तो आहे. गोळा बाहेर पडताना त्याच्या मागून तापलेला वायू प्रचंड दाबाने निघतो. ब्रेकची भोके हा वायू सरळ पुढे न जाऊ देता बाजूला आणि थोडा मागे वळवतात. वायू मागे वळला की नळी पुढे ओढली जाते आणि मागे बसणारा धक्का कमी होतो.

रायफलीतही तत्त्व तेच. खांद्याला धक्का कमी बसतो, नेम हलत नाही, दुसरी गोळी लवकर झाडता येते. झाडणाऱ्याला तो आवडतो यात नवल नाही. पण जो वायू पुढे जायचा तो आता डावी-उजवीकडे जातो, आणि डावी-उजवीकडे माणसे उभी असतात. ब्रेकमुळे झाडणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या कानाशी आवाज साधारण ५ ते १० डेसिबलने वाढतो. हा आकडा किरकोळ वाटेल, पण डेसिबलचे गणित निराळे आहे. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली.

ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांमध्ये ब्रेक लावण्यास नियमानेच बंदी आहे. नेमबाजीचे सुरुवातीचे धडे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घेतलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते ब्रेक नसलेल्या .२२ रायफलीवर. तेव्हा चांगला नेम आणि ब्रेक यांची सांगड घालण्याचे कारण नाही.

कानात काय घडते?

आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. तेथून हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन चिमुकली हाडे तो आत पोहोचवतात. आतल्या शंखाच्या आकाराच्या नळीत सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्यांच्या डोक्यावरची सूक्ष्म लव हलते आणि ध्वनीचा संदेश मेंदूकडे जातो. वाऱ्याने गव्हाचे शेत डुलावे तशी ही लव नेहमीच्या बोलण्याने डुलते. रायफलीचा बार मात्र गारपिटीसारखा येतो. काही पेशी आडव्या होऊन पुन्हा उभ्या राहतात, काही कायमच्या मोडतात. त्वचा भरून येते, हाड सांधते, पण माणसाच्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत. हे नुकसान भरून काढणारे औषध आजही नाही.

मोठा आवाज आला की कानातला एक छोटा स्नायू आवळून आवाज थोडा अडवतो. पण त्याला त्यासाठी सेकंदाचा दहावा भाग तरी लागू शकतो, आणि बार काही हजारांश सेकंदातच संपतो. राखणदार उठेपर्यंत चोर पसार झालेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षणिक आवाजासाठी मोठ्यांना १४० आणि मुलांना १२० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. एन.सी.सी.तील .२२ रायफलीचा आवाज कानाशी १४० च्या आसपास असतो. मोठ्या बोअरच्या रायफलीचा १६० च्या घरात जातो आणि ब्रेक लावला की त्याहूनही वर. तेव्हा एकच बार उघड्या कानावर आला तरी पुरेसा होतो. ‘सवय झाली, आता काही वाटत नाही’ असे जुने नेमबाज म्हणतात. ती सवय नव्हे, तो बहिरेपणा असतो.

हे बहिरेपण कपटी असते. प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर जातात. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ असे वर्ण निसटू लागतात. आवाज ऐकू येतो, पण शब्द उमगत नाही. माणूस म्हणतो, ‘सगळे हल्ली पुटपुटतात.’ उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा डावा कान आधी बिघडतो, कारण तो नळीच्या बाजूला असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो.

रेंजवरची रीत

आता खरा मुद्दा. बंदूक कोणाकडे रोखायची नाही, हे रेंजवर पहिल्याच दिवशी शिकवतात. आवाजाबाबतची शिस्त मात्र शिष्टाचार म्हणून सोडून दिली जाते. माझ्या मते तीही सुरक्षिततेचीच बाब आहे.

ज्याच्या रायफलीला ब्रेक आहे त्याने रेंज अधिकाऱ्याला आधी सांगावे आणि फायरिंग लाइनवरची शेवटची, कडेची जागा मागून घ्यावी. शक्य तर मधली एक जागा मोकळी ठेवावी. पत्र्याचे छप्पर व भिंती असलेल्या ठिकाणी आवाज उलटून येतो, तेथे ब्रेक टाळावा. पहिला बार काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंना वळून ‘ब्रेक आहे, कान झाका’ असे मोठ्याने सांगावे आणि सर्वांनी झाकले हे डोळ्यांनी पाहूनच घोड्यावर बोट ठेवावे. शेजारी नवशिका किंवा लहान मूल असेल तर त्याची फेरी संपेपर्यंत थांबावे. शेजाऱ्याने जागा बदलून मागितली तर रागावू नये.

शेजाऱ्यानेही आपली जबाबदारी ओळखावी. लाइनवर किंवा तिच्या मागे उभे असेपर्यंत, आपली फेरी संपली तरी, कानावरचे साधन काढू नये. बोलायचे असेल तर बाहेर यावे. माझ्या विद्यार्थ्याची चूक एवढीच झाली आणि ती त्याला महागात पडली.

कानात कापूस घालून भागत नाही. कापसाने आवाज जेमतेम काही डेसिबल कमी होतो. फोमचा इअरप्लग स्वच्छ बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, प्लग आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. अर्धा बाहेर लोंबणारा प्लग निरुपयोगी. इअरमफच्या गादीखाली केस, टोपीची कड किंवा चष्म्याची जाड काडी आली तर फट राहते. ब्रेकच्या शेजारी तर आत प्लग आणि वर मफ, असे दोन्ही वापरावे. हिशोब सोपा आहे. १६८ डेसिबलमधून चांगल्या मफने २५ अडवले तरी १४३ उरतात, म्हणजे मर्यादेच्या वरच. दोन्ही साधनांची बेरीज मात्र पूर्ण होत नाही. एकापेक्षा दुसऱ्याने ५ ते १० डेसिबलची भर पडते, पण तीच कान वाचवते.

कान वाजू लागला तर

बार ऐकल्यावर कानात शिट्टी, दडे किंवा कमी ऐकू येणे जाणवले तर त्या दिवशीचा सराव तेथेच थांबवावा. कानात तेल, लसूण, पाणी, काहीही घालू नये. पडदा फाटला असेल तर त्यातून जंतू आत जातात. उद्या बरे वाटेल म्हणून वाट न पाहता एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवून ऑडिओमेट्री करून घ्यावी. काहींना स्टिरॉइडच्या गोळ्यांनी लाभ होतो, पण उपचार जितके उशिरा तितकी आशा कमी. नियमित नेमबाजी करणाऱ्याने वर्षातून एकदा तरी ही तपासणी करावी.

त्या विद्यार्थ्याचा पडदा सुदैवाने शाबूत होता. उपचार केले. सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा बरेचसे ऐकणे परत आले होते, पण ४,००० हर्ट्झवर आलेखात पडलेला खड्डा तसाच होता आणि रात्री शांत झाले की शिट्टी अजून वाजते. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत ६१० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २० फुटांवरून केलेली कुजबुज प्रत्येक कानाने वेगवेगळी ऐकू यावी लागते. ‘डॉक्टर, मी पास होईन ना?’ असे त्याने विचारले. मला त्याला खात्री देता आली नाही.

नाशिकमध्ये धर्मवीर डॉ. मुंजे यांनी १९३७ साली भोसला सैनिकी शाळा सुरू केली. तेव्हापासून या गावाला खाकी गणवेशाची ओढ आहे, आणि घरोघरची मुले-मुली हौसेने नेमबाजीकडे वळत आहेत. त्यांना रायफल देताना पालकांनी व प्रशिक्षकांनी इअरमफही द्यावे, आणि शेजाऱ्याला आवाज देऊनच बार काढण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.