सर असे का वागले?

सुपरहिरोंच्या शाळेवर फॅनफिक्शन लिहिताय? पोरांच्या पॉवर लिहिणं सोपं आहे. त्या शाळेतल्या चुकणाऱ्या मोठ्या माणसांचं मन लिहिणं मात्र अवघड.

‘माय हिरो अ‍ॅकॅडेमिया’ माहितीये ना? कोहेई होरिकोशी यांची ही मांगा २०१४ मध्ये जपानच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात सुरू झाली आणि २०२४ मध्ये संपली. तिच्यावरची अ‍ॅनिमे तर रेंज मिळाली की धडगावात बसूनही बघता येते. सुपरहिरो घडवणारी एक शाळा, तिथली पोरं, त्यांच्या पॉवर आणि त्यांना शिकवणारी मोठी माणसं अशी ही गोष्ट.

मूळ गोष्ट संपली, पण चाहते काही थांबले नाहीत. त्यातली पात्रं घ्यायची, पडद्यावर न दिसलेले प्रसंग आपण लिहायचे, वाटलं तर शेवटच बदलायचा. यालाच म्हणतात फॅनफिक्शन. आणि ते लिहिणाऱ्या पोरापोरींची भांडणं कशावरून होतात? कुणाची पॉवर भारी यावरून तर होतातच, पण अमुक सर असे का वागले, तमुकचा बाप असा का, यावरूनही जोरात होतात.

एंडेव्हरचंच घ्या. देशातला दोन नंबरचा हिरो. एक नंबरवर ऑल माइट, आणि त्याला मागे टाकणं आपल्याला जमणार नाही हे एंडेव्हरला कळून चुकलंय. मग तो काय करतो? आपली आग आणि बायकोचा बर्फ, दोन्ही पॉवर एकाच मुलात याव्यात म्हणून लग्न करतो. तसा मुलगा होतो, शोतो. त्याला अगदी लहानपणापासून मारून मुटकून तयार करतो. बायको मनानं कोलमडते आणि त्याच भरात पोराच्या तोंडावर उकळतं पाणी ओतते. पुढे हाच एंडेव्हर एक नंबरला पोहोचतो, आणि आपण घराचं काय करून ठेवलं ते त्याला दिसायला लागतं.

आता तुम्ही त्याच्यावर कथा लिहायला बसलात तर दोन शॉर्टकट समोर असतात. पहिला : तो राक्षस आहे, विषय संपला. दुसरा : बिचारा आतून किती दुखावलेला होता, करा माफ. दोन्ही शॉर्टकटमध्ये लेखकाला डोकं चालवावंच लागत नाही. पहिल्यात ‘का’ हा प्रश्नच येत नाही. दुसऱ्यात ‘का’चं उत्तर सापडलं की ‘काय केलं’ ते पुसून टाकलं जातं.

होरिकोशींनी दोन्ही टाळलं. एंडेव्हरला पश्चात्ताप होतो, पण त्याचा एक मुलगा, नात्सुओ, तोंडावर सांगतो की मी माफ करू शकत नाही. आणि बाप ठरवतो की घरच्यांसाठी वेगळं घर बांधायचं, ज्यात आपण राहायचं नाही. कारण कळलं, पण हिशेब तसाच राहिला.

आपली जुनी शाळा

तुम्ही म्हणाल, हे झालं जपानचं. पण सुपरहिरोंची शाळा आपल्याकडे फार आधीपासून आहे. हस्तिनापूरची. तिथे राजघराण्यातली पोरं, दिव्य अस्त्रं, नेम धरायची परीक्षा, शेवटी सगळ्या गावासमोर प्रात्यक्षिक. आणि त्या शाळेचे सर म्हणजे द्रोणाचार्य.

त्यांच्याकडे आलेल्या आणि परत पाठवलेल्या पोराचं नाव नंदुरबार जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यातली साधारण सत्तर टक्के माणसं आदिवासी आहेत. एकलव्य इथे घरचा आहे. केंद्र सरकारनं आदिवासी मुलांसाठी १९९७-९८ पासून सुरू केलेल्या निवासी शाळांनाही त्याचंच नाव आहे. ज्याला गुरूनं दारातून माघारी पाठवलं, त्याचं नाव शाळेला!

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. निषादराजा हिरण्यधनूचा मुलगा एकलव्य. निषाद म्हणून द्रोणांनी त्याला शिष्य करून घेतलं नाही. त्यानं मातीचे द्रोण केले आणि त्यांच्यासमोर सराव केला. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण मारले. ते बघून अर्जुनानं गुरूला त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली आणि द्रोणांनी उजवा अंगठा मागितला.

आता प्रश्न : सर असे का वागले?

महाभारतातच पुरावे पडलेत, ते गोळा करून बघा. द्रोण गरीब होते, इतके की मुलगा अश्वत्थामा दूध म्हणून पीठ कालवलेलं पाणी प्यायला. लहानपणचा मित्र द्रुपद राजा झाला आणि त्यानं ओळख नाकारली. तो अपमान घेऊन ते हस्तिनापुरात आले आणि भीष्मांनी त्यांना राजपुत्रांचे गुरू नेमलं. म्हणजे पोटाची सोय राजवाड्याच्या हातात. शिवाय, तुझ्याहून वरचढ शिष्य मी घडवणार नाही, असा शब्द अर्जुनाला दिलेला. आणि शिक्षण संपल्यावर गुरुदक्षिणा काय मागितली? द्रुपदाला पकडून आणा. शिष्य म्हणजे त्यांच्या सूडाचं शस्त्रही होतं.

म्हणजे एका माणसात चार-पाच ‘का’ सापडले. नोकरी जाण्याची भीती, दिलेला शब्द, जुना अपमान, आणि हा आपल्यातला नाही ही जातीची भिंत. यातलं कुठलंही एकच खरं धरलंत तर द्रोण सपाट होतात. सगळे एकत्र धरलेत तर माणूस दिसतो. पण त्यातला एकही ‘का’ अंगठा परत आणत नाही.

आणि महाभारत तिथेच थांबत नाही. पुढे द्रोणपर्वात कृष्ण अर्जुनाला सांगतो की तुझ्या भल्यासाठीच द्रोणांनी गुरू होऊन कपटानं त्याचा अंगठा काढून घेतला. अंगठा असता तर देव-दानवांनाही तो हरला नसता. बघा, आदिपर्वात जी गुरुदक्षिणा होती ती इथे कपट आहे. म्हणजे एकाच ग्रंथात मोठ्या माणसाच्या वागण्याचे दोन अर्थ.

मराठीत हे काम मोठमोठ्यांनी केलंय. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७ चं. कर्णाकडून सगळी गोष्ट पुन्हा बघितली. इरावती कर्वेंनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातली माणसं देवत्व बाजूला ठेवून तपासली, त्यात द्रोण आणि अश्वत्थामाही आहेत. तेव्हा ‘फॅनफिक्शन म्हणजे टाइमपास’ असं कुणी म्हणालं तर ही दोन पुस्तकं पुढे करा.

आपल्या लोकांनीही आपल्या परीनं गोष्ट पुढे नेलीय. भिल्ल तिरंदाज बाण सोडताना अंगठा लावत नाहीत, ते एकलव्याची आठवण म्हणून, असं सांगितलं जातं. आजच्या स्पर्धांमधल्या तिरंदाजीतही दोरी सहसा तीन बोटांनीच ओढतात. मागणाऱ्यानं अंगठा मागितला. लोकांनी उत्तर दिलं की मग आम्हाला तो लागतच नाही.

लिहिताना हे विचारा

कथेतल्या चुकणाऱ्या मोठ्या माणसाला चार प्रश्न विचारा.

एक, तेव्हा त्याला काय माहीत होतं? आपल्याला शेवट माहीत असतो, त्याला नसतो.

दोन, दुसरा रस्ता होता का? द्रोण गप्प बसू शकले असते. अर्जुनाला ‘अजून सराव कर’ म्हणू शकले असते.

तीन, किंमत कुणी चुकवली? चूक मोठ्याची आणि जखम पोराची असेल, तर कॅमेरा पोरावरही राहू द्या.

चार, नंतर काय केलं? तो काय बोलला यापेक्षा हे महत्त्वाचं. एंडेव्हर वेगळं घर बांधायला निघाला. द्रोण एकलव्याकडे परत गेले, असं आदिपर्वात कुठे येत नाही.

आता हीच शाळा तोरणमाळच्या पठारावर आणा. सुपरहिरोंची आश्रमशाळा. रात्री वसतिगृहाला कुलूप लावून गावाला जाणारे अधीक्षक आहेत. घरी आजारी आई आहे म्हणून जातात, की कुणी विचारणारच नाही म्हणून? आणि त्या रात्री आत आग लागली तर? एका पोरीची पॉवर सगळ्यांत मोठी, पण दिवाळीनंतर बाप तिला घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जातो. तो तिच्या शिक्षणाचा वैरी आहे, की घेतलेली उचल फेडायला त्याला हात कमी पडतायत? दोन्ही शक्यता लिहून बघा. आणि हो, एकलव्य हात बांधून घरी गेला तेव्हा हिरण्यधनू काय म्हणाला? आई काय म्हणाली? व्यासांनी ती जागा मोकळी ठेवलीय.

हा सगळा खटाटोप गोष्टीपुरता नाही. घरापासून लांब, वसतिगृहात राहणाऱ्या पोरांचं अर्धं आयुष्य मोठ्यांच्या निर्णयांवर चालतं. सगळेच मोठे व्हिलन ठरवलेत तर मदत मागायला कुणी उरत नाही. आणि प्रत्येकाची बॅकस्टोरी समजून घेत बसलात, तर मार खाऊनही ‘सरांना टेन्शन असेल’ म्हणायची सवय लागते. समजून घेणं आणि सहन करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं तुम्ही कथेत करा, हवं तेवढं करा. दुसरं करायची सक्ती कुणावरच नाही. खरंच कुणी त्रास देत असेल तर विश्वासातल्या माणसाला सांगा, नाहीतर १०९८ वर फोन करा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत.

आणि मग वही उघडा. मराठीत लिहा, अहिराणीत लिहा, पावरीत लिहा, मावचीत लिहा. सर असे का वागले, हे तुमच्या भाषेत अजून कुणी लिहिलेलं नसेल, तर सुरुवात तुमच्यापासून होऊ दे.