तेलापाण्याचे सूत

गेल्या पावसाळ्यात अकोटला मामांच्या शेतावर गेलो, तेव्हा पऱ्हाटीला मावा धरला होता. घाणीवरचे कडुनिंबाचे तेल घरात होतेच. "आजची फवारणी माझ्याकडे!" मी ऐटीत म्हणालो. प्रयोगशाळेत तेल नि पाणी एकत्र नांदवण्यातच माझे दिवस जातात. मला कोण शिकवणार? पंपात पाणी भरले, अंदाजाने तेल ओतले, पंप हलवला आणि दोन ओळी फवारून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी त्या दोन ओळींची पाने करपली. मामांनी पंपात डोकावले. आत तेलाचा तवंग तसाच!

"काहून बापा, साबण नाही टाकला काय?"

साबणाचा रेणू म्हणजे माहेर नि सासर दोन्ही सांभाळणारी सून. एक टोक तेलात रमते, दुसरे पाण्यात. तो थेंबांभोवती उभा राहतो, म्हणून थेंब पुन्हा एकमेकांत मिसळत नाहीत. हे मी रोज इतरांना सांगतो!

आमच्या प्रयोगशाळेतला पदार्थ मात्र तेलाहून हट्टी. त्याचे नाव मोनोओलीन. तेलतूप पचताना आपल्या पोटातही त्याच्या जातीचे पदार्थ तयार होतात आणि पित्तरस त्यांना पाण्यात मिसळवतो. पुरेशा पाण्यात टाकले तर मोनोओलीन विरघळत नाही. पाणी पिऊन त्याची घट्ट, पारदर्शक खळ बनते. आत भुलभुलैया: स्निग्ध पदार्थाची एकच वळणावळणाची भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या वाटा. तेलात विरघळणारे औषध भिंतीत बसते, पाण्यात विरघळणारे वाटांत. पण अशी खळ सुईतून कशी जावी?

म्हणून तिचे कण करायचे, साधारण मिलिमीटरच्या ५००० व्या भागाएवढे. त्यासाठी श्राव्यातीत ध्वनीचे तडाखे द्यावे लागतात आणि पोलोक्सामर नावाचा, साबणाच्या कुळातला लांब रेणू लागतो. तो कणांवर बसून आपली टोके पाण्यात पसरतो आणि शेजाऱ्याला दूर ठेवतो. स्वीडनच्या कोरे लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अशा कणांची सूक्ष्मदर्शकातली चित्रे प्रसिद्ध केली. कणाच्या आतही तोच भुलभुलैया शाबूत! साधा साबण मात्र येथे चालत नाही. तो नुसता पृष्ठभागावर न थांबता आत शिरतो आणि भिंतच मोडतो. साबण कुठला आणि किती, यातच आमचे सारे कसब.

मामांनी ते कसब बादलीत दाखवले. आधी तेलात साबणाचे पाणी घोटले, मग थोडे थोडे पाणी घालीत ढवळले. बादली दुधासारखी पांढरी झाली.

"आता हे लगेच फवार. सायंकाळपर्यंत ठेवू नको."

उरलेली पऱ्हाटी बचावली. माझ्या दोन ओळी मात्र दसऱ्यापर्यंत लांबूनही ओळखू येत होत्या.