सोंगामागचा आजार

झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, असं आपण म्हणतो. पुण्यात येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आमच्या विश्रांतवाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे, तरी "नाटक आहे त्याचं" हे वाक्य इथल्या घरांतही सर्रास ऐकू येतं. फॅक्टिशियस डिसऑर्डर, म्हणजे आजाराची लक्षणं स्वतःच रचण्याचा विकार, झालेल्या माणसाच्या वाट्याला तर ते हमखास येतं.

गैरसमज : हे रजेसाठी, पैशांसाठी चाललंय.
रजा, विम्याची रक्कम किंवा शिक्षेतून सूट यासाठी केलेलं ढोंग हा मानसिक आजार नाही. या विकारात असं काही पदरात पडत नसतानाही माणूस लक्षणं रचतो. बहुधा त्याला हवं असतं ते रुग्ण म्हणून जपलं जाणं.

गैरसमज : खोटं बोलतोय, म्हणजे काही झालेलंच नाही.
हा समज जिवावर बेतू शकतो. कुणी जखम मुद्दाम चिघळवतं, तर कुणी गुपचूप इन्सुलिन टोचून घेतं. मग साखर खरोखरच उतरते, शुद्धही हरपते. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सी-पेप्टाइड तयार होतं; टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणून रक्तात इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड अगदी कमी दिसलं, की डॉक्टरांना शंका येते. पण साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतल्यास दोन्ही वाढलेली दिसतात, त्यामुळे औषधांचीही तपासणी लागते. रिपोर्ट नॉर्मल आले एवढ्यावर हे निदान होत नाही. फसवणुकीचा पुरावा लागतो, जुन्या फाइली जुळवाव्या लागतात. आणि त्याच माणसाला दुसरा खराखुरा आजारही असू शकतो, हे विसरून चालत नाही.

गैरसमज : हा हिस्टेरियाच.
नाही. तिथे लक्षणं जाणूनबुजून घडवलेली नसतात.

गैरसमज : चारचौघांत उघडं पाडलं की सुधारेल.
दवाखान्यामागून दवाखाने पालथे घालणाऱ्या अशा रुग्णांबद्दल ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी 1951 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. अपमान झाला की माणूस उठून पुढचं रुग्णालय गाठतो. त्यापेक्षा एकाच डॉक्टरने सूत्रं हाती ठेवावीत, आरोप न करता "तुम्ही फार त्रासात आहात" इथून बोलणं सुरू करावं आणि मानसोपचाराची वाट मोकळी ठेवावी. घरच्यांनाही 14416 या टेलि-मानस क्रमांकावर बोलता येतं.

मूल आजारी पाडणारा पालक असेल, तर क्रम बदलतो. बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी 1977 मध्ये अशा घटना मांडल्या. तिथे आधी मुलाला सुरक्षित जागी हलवायचं. पालकाशी बोलणं त्यानंतर.