सूर बरोबर, हात उलटा!

मित्रांनो, इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? लांब केस, डिस्टॉर्शन आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी. अस्मादिक याच पंथातले. पण मागच्या वर्षी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात मामेभावाची हळद होती. मामी म्हणाली, "कॉलेजात एवढं वाजवतोस, मग आपल्या घरी का नाही?" नाही म्हणायची सोयच नव्हती. वेसावकर आणि मंडळींची गाणी मामाच्या जुन्या कॅसेटींवर ऐकतच मोठा झालोय, चाली पाठ. आठ दिवसांत सूर बसवले, अँप घेऊन गेलो, वाजवायला सुरुवात केली... आणि नाचणारी माणसं एकेक करून खुर्च्यांवर जाऊन बसली!

मी पडेल चेहऱ्याने उभा. बँजो पार्टीतले काका जवळ आले आणि एवढंच म्हणाले, "बाला, सूर बराबर हाय. हात उलटा हाय."

हे एक वाक्य समजायला मला दोन महिने लागले. तुम्हाला ते दहा मिनिटांत समजावं म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक घोटाळा मिटवू. गणपतीच्या मिरवणुकीत आणि हळदीत जो 'बँजो' वाजतो, तो अमेरिकन बँजो नव्हेच! तिकडचा बँजो गोल, चामडं ताणलेला. आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानी 'ताइशोगोतो', १९१२ साली नागोयात तयार झालेला, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने पिक मारायची. आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावून अँपला जोडलं. म्हणजे इलेक्ट्रिक तारांवर लोकसंगीताची लीड वाजवायचा उद्योग आपल्याकडे जुनाच आहे. आपणच गिटार घेऊन उशिरा आलो.

तिकडेही असंच घडलं होतं. नॉर्थ कॅरोलिनाचे अंध गिटारवादक डॉक वॉटसन १९५०च्या दशकात एका डान्स बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. बँडमध्ये फिडल वाजवणारा कुणी नव्हता, आणि नाचायला लोकांना फिडलच्या चाली हव्यात! मग डॉकनी त्या चाली गिटारवर बसवल्या. पुढे ब्लूग्रास गिटारवाले याच पद्धतीने लीड वाजवू लागले. तिचा मूलमंत्र सोपा: पिक एकदा खाली, एकदा वर, न चुकता. व्हिडिओ बघून मी हेच शिकलो होतो. आणि माझी गोची नेमकी इथेच झाली.

फिडलच्या त्या चाली (रील्स म्हणतात त्यांना, इन्स्टावरच्या नव्हेत!) चारच्या हिशेबात असतात. चार ही सम संख्या. खाली-वर-खाली-वर झालं की पुढचा ठोका पुन्हा 'खाली'वरच येतो. कोळी नाचाचा ठेका मात्र सहाचा, तीन अधिक तीन. पाय पडतात पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. आता मोजून बघा:

खाली-वर-खाली, वर-खाली-वर.

चौथी मात्रा 'वर'च्या स्ट्रोकवर गेली! खाली येणाऱ्या हाताला मनगटाचं वजन मिळतं, वर जाणाऱ्याला तेवढं मिळत नाही. म्हणजे माझं पहिलं पाऊल दणक्यात आणि दुसरं लंगडं. सूर सगळे बरोबर, पण नाचणाऱ्याच्या पायाखालची जमीनच मी काढून घेत होतो. तीन ही विषम संख्या असते हे पहिलीतलं गणित इंजिनिअरिंगच्या पोराला हळदीच्या मांडवात कळलं!

उपाय आयरिश लोकांनी आधीच शोधलाय. त्यांच्या 'जिग' चाली अशाच सहाच्या. ते वाजवतात:

खाली-वर-खाली, खाली-वर-खाली.

तिसरी आणि चौथी मात्रा, दोन्ही खाली. मध्ये हात रिकामाच वर न्यायचा. पुढच्या वेळी काकांचा उजवा हात मी नीट पाहिला. स्ट्रोक भरभर होते, पण वजन बरोब्बर एक आणि चारवर! सरावासाठी मेट्रोनोम ६० वर लावा आणि एका टिकला तीन सूर वाजवा. हळूहळू १२० पर्यंत न्या. तिथे सेकंदाला सहा सूर होतात, म्हणजे हात परत आणायला मिळतात जेमतेम १६७ मिलिसेकंद. सुरुवातीला मनगट बोंबलतं, नंतर सवय होते.

दुसरी सूचना: डिस्टॉर्शन बंद! बुलबुल तरंगात चालीच्या तारांबरोबर एकच सूर धरणाऱ्या तारा असतात, त्यानेच चाल भरीव वाटते. गिटारवर हेच करायचं तर पाचवी तार मोकळी वाजू द्या, 'ए'लाच सा माना आणि चाल वरच्या तारांवर घ्या. पण डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीच्या नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात. २२० आणि ३३० हर्ट्झ (सा आणि प) असतील तर त्या सगळ्या ११० च्या पटीत येतात, म्हणून पॉवर कॉर्ड झकास लागतो. पण २२० आणि २४७ (सा आणि रे) असतील तर वजाबाकी २७, बेरीज ४६७... म्हणजे नुसता चिखल! क्लीन टोन ठेवा.

तिसरी गोष्ट गिटारच्या फायद्याची. बटण दाबून सूर घसरवता येत नाही, गिटारवर तारेवरून बोट घसरवता येतं. गाणारी बाई ओळीच्या शेवटी सूर जिथे ओढते, तिथेच स्लाइड घ्या. बाकी चाल जशी गातात तशीच वाजवा. आपली स्केल्सची हुशारी दुसऱ्या फेरीत दाखवा.

यंदा गौरी-गणपतीत पुन्हा दिवाळ्याला गेलो. काकांच्या बाजूला उभा राहून वाजवलं. या वेळी कुणी बसलं नाही, मामी तर सगळ्यात पुढे. काका काहीच बोलले नाहीत, फक्त एका गाण्यात त्यांनी पिक खाली ठेवली आणि मला एकट्याला वाजवू दिलं.

तेव्हा दोस्तहो, पुढची लीड शिकण्याआधी जवळच्या एखाद्या हळदीला जा. आणि बँजोवाल्याचा डावा नाही, उजवा हात बघा!